सागवानी पट्टी, सालची चौकट आणि तीन गन

गेल्या दिवाळीनंतर सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत काम लागलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सात दारं. चौकटी साल नावाच्या कठीण लाकडाच्या, चाळीसेक वर्षांच्या, पण अजून टणक. चौकट आणि भिंत यांच्यामधलं प्लास्टर मात्र जागोजाग सुटलं होतं. घरच्या काकूंना ती फट सागवानी पट्टीनं झाकून हवी होती, दाराच्या आतूनही आणि बाहेरूनही. पट्टी अडीच इंच रुंद, सहा सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पंचेचाळीस अंशांचा सांधा. एका दाराला सात-सात फुटांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि वरची साडेतीन फुटांची. म्हणजे एका बाजूला साडेसतरा फूट, दोन्ही बाजूंना ३५, आणि सात दारांचे मिळून २४५ फूट. कोपऱ्यांचे सांधे २८.

काम घेताना गनचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेनं लाकडात पिना ठोकणाऱ्या हत्याराचा, विचार मी केलाच नव्हता. गन होती. २०१४ मध्ये घेतलेली एफ-३०, सोळाशे रुपयांची, आजवर किती पिना मारल्या असतील त्याची मोजदाद नाही. प्लायच्या कडेला लिपिंग, म्हणजे लाकडी पट्टी, लावायचं, ड्रॉवरचा तळ बसवायचा, मायक्याखाली पट्टी धरायची, सगळं तिच्यावरच. पुण्यात फर्निचरचं काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीच्या पेटीत ही गन सापडेल.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराची एक बाजू पूर्ण केली. फेविकॉल लावला, पट्टी धरली, दर सहा इंचांवर ३० एमएमची पिन मारली. सांधा सुरेख जुळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दार लावताना पट्टीला हात टेकवला आणि खालची दीड फूट पट्टी चौकटीपासून सुटून पुढे आली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मी पट्टी पूर्ण काढली. हातानं निघाली, पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, तीसुद्धा लावावी लागली नाही.

मागून बघितलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पट्टी साधारण १८ एमएमची, पिन ३० एमएमची, म्हणजे चौकटीत जेमतेम १२ एमएम गेलेली. त्यातही निम्म्या पिना सालच्या लाकडाला टेकून वाकल्या होत्या, काहींचा तर पार आकडा झाला होता. दुसरं म्हणजे चौकटीवर जुना ऑइल पेंट होता. फेविकॉल रंगावर बसला होता, लाकडावर नाही. वाळल्यावर त्याचा पापुद्रा रंगासकट निघाला.

त्या संध्याकाळी घरी अण्णांना सांगितलं. माझे वडील. त्यांनी पंचेचाळीस वर्षं हातानं काम केलं. अशा पट्टीला ते दोन इंची बारीक मुंडीचा खिळा वापरायचे. आधी गिरमिटानं भोक, मग हातोडी, शेवटचे दोन ठोके सुंब्यावर (खिळा आत ढकलायची बोथट लोखंडी कांडी), म्हणजे मुंडी लाकडात एक सूत खाली जाते आणि वर लांबी, म्हणजे भोक बुजवायचा लगदा, भरता येतो. दिवसाला एक दार. मी म्हटलं, मला सात दारं दहा दिवसांत द्यायची आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी पिन काय धरणार आहे, आणि किती दिवस?"

मी त्या प्रश्नावर रात्रभर होतो. कारण आमच्या धंद्यात पिन बहुतेक वेळा काहीच धरत नसते. ती फक्त फेविकॉल वाळेपर्यंत पट्टी जागेवर ठेवते. खरी पकड फेविकॉलची. प्लायच्या कामात हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की पिनेची ताकद कुणी मोजतच नाही. पण रंगवलेल्या जुन्या चौकटीवर फेविकॉलचा भरवसा नाही. मी रंग खरवडणार होतो, तरी चाळीस वर्षांचं तेल आत मुरलेलं. तिथे पिनेनंच पट्टी धरायची, आणि ती चार-आठ तास नाही, पुढची वीस वर्षं.

म्हणजे गन बदलायची होती. पण त्याआधी पिन ठरवायची होती.

ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुकानात 'एफ' मागितली की १८ गेजची पिन मिळते, जाडी साधारण सव्वा एमएम. पुढचा आकडा लांबीचा. एफ-३० गनमध्ये ३० एमएमपर्यंतची पिन बसते, एफ-५० मध्ये ५० पर्यंत. 'टी' म्हणजे १६ गेज, जाडी दीड एमएमच्या थोडी वर, टी-५० गनमध्ये ५० एमएमपर्यंत. गेजचा आकडा वाढला की पिन बारीक होते. सगळ्यात बारीक २३ गेजची, पी-६२२ किंवा पी-६३० गनमध्ये चालते. जाडी अर्ध्या एमएमपेक्षा थोडीच जास्त, मुंडीच नाही. आणि एसटी-६४ म्हणजे काँक्रीटची जाड पिन, भिंतीत मारायची. लांबीचा हिशेब अण्णांचाच वापरतो: पट्टीच्या जाडीच्या अडीच ते तीन पट. १८ एमएमला ४५ ते ५४.

त्या आठवड्यात माझ्या मावसभावाशी बोलणं झालं. तो न्यू जर्सीत असतो, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराचं सुतारकाम स्वतः करतो, आणि मनापासून करतो. त्याचं म्हणणं, पंधरा गेजची तिरकी गन घे, तीही बॅटरीवरची, पाइपाची कटकटच नको. त्यानं व्हिडिओवर करून दाखवलं. भिंतीला खाली सहा इंची पट्टी धरली, गन टेकवली, एक ठोका, संपलं. तिरकी अशासाठी की पिनांची पेटी हँडलकडे कलती असते, त्यामुळे गनचं नाक कोपऱ्यात नीट पोचतं.

मला ती गन फार आवडली. पण तो पिन कशात मारतोय हे मी त्याला विचारलं. तिथल्या भिंतीत दर १६ इंचांवर लाकडाचा उभा दांडा असतो, त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. पिन पट्टीतून, बोर्डातून आरपार जाऊन त्या दांड्यात रुतते. म्हणून त्यांना अडीच इंचांपर्यंतची जाड पिन लागते आणि म्हणून पंधरा-सोळा गेजच्या गन तिथे घराघरात आहेत. दांडेही बहुतेक पाइनसारख्या मऊ लाकडाचे. माझ्याकडे पट्टीचा निम्मा भाग सालवर आणि निम्मा विटांच्या भिंतीवर. एकाच अडीच इंचांत दोन वेगळी कामं.

तरी बॅटरीच्या गनची चौकशी केली. रविवार पेठेत बोहरी आळीत दोन दुकानांत विचारलं. बॅटरी-चार्जर धरून तीस हजारांच्या पुढे. पैशांचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न पिनांचा निघाला. पंधरा गेजच्या तिरक्या पिना मागवाव्या लागतील, आठ-दहा दिवस लागतील, असं दुकानदारानं सांगितलं. टी आणि एफच्या पिना मात्र त्याच्याकडे छतापर्यंत रचलेल्या होत्या. सासवडला काम असलं तरी गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे एफची पेटी मिळते. जिच्या पिनेसाठी दहा दिवस थांबावं लागतं ती गन माझ्या पोटापाण्याच्या कामाची नाही, हे तिथेच ठरलं.

त्याच दुकानात एक टी-५० आणि एक एफ-५० दोन दिवसांसाठी मिळाली. ओळखीचा माणूस आहे, अनामत ठेवून दिली. पी-६२२ एका मित्राकडून आणली, तो देव्हारे करतो.

आता चाचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरी निवड तिथेच झाली.

काकूंच्याच घरातली न्हाणीघराची जुनी चौकट आधीच काढून टाकलेली होती. खालून कुजली होती, पण वरचे चार फूट शाबूत. ती मी बाल्कनीत आडवी टाकली. वर कामातल्याच सागाचे सहा-सहा इंचांचे तुकडे ठेवले. साग सीपीचा, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सचा, बल्लारशाच्या बाजूचा. नाव जुनंच चालत आलंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून साग गेला तेव्हा आमच्या टिंबर मार्केटमध्ये सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. या सागाचा रंग आणि रेषा बघितल्या की त्यात एक भोकसुद्धा जास्त पाडू नये असं वाटतं. म्हणून मी भोकाचीही परीक्षा घेणार होतो, फक्त पकडीची नाही.

कॉम्प्रेसर एक एचपीचा, तेल न लागणारा, आवाज कमी करणारा. बावीस किलो, तीन मजले चढवून आणलेला. प्रेशर सहा बारवर ठेवलं. प्रत्येक गननं दहा-दहा पिना मारल्या, फेविकॉल न लावता. मग पटाशी घालून तुकडा उचकटला.

एफ-३० चं मला माहीतच होतं. तुकडा पटाशीच्या पहिल्या दाबाला सुटला.

एफ-५०, पन्नासची पिन. इथे मला आशा होती, कारण भोक बारीक राहिलं असतं. दहापैकी सात सरळ गेल्या. तीन आत वाकल्या, आणि त्यातल्या एकीनं सागाच्या कडेतून बाहेर तोंड काढलं. सव्वा एमएमची तार पन्नास एमएम लांब आणि समोर साल, तर ती वाकणारच. मऊ पाइनमध्ये हीच पिन लोण्यात सुरी जावी तशी गेली असती. प्रेशर सात बारला नेलं. सरळ जाणाऱ्या थोड्या जास्त खोल गेल्या, वाकणाऱ्या वाकल्याच.

टी-५०, पन्नासची पिन, सहा बार. दहाही आत गेल्या, पण चारांच्या मुंड्या पट्टीच्या वर राहिल्या. सात बार केलं. पुढच्या दहापैकी नऊ पृष्ठभागाच्या खाली बसल्या, एक केसभर वर राहिली, तिला सुंबा लावून एक ठोका दिला. एकही वाकली नाही. तुकडा उचकटताना पटाशीला हातोडी मारावी लागली, आणि सुटताना पिना सालमध्येच राहिल्या, साग त्यांच्या मुंड्यांवरून फाटून निघाला. हेच मला हवं होतं.

मग भोकं बघितली. एफचं भोक तिळाएवढं. टीचं जिऱ्याएवढं, लांबट. पी-६२२ चं तर बोट फिरवूनही कळत नव्हतं. जिऱ्याएवढं भोक मला खटकलं. पण ते लांबट आहे हाच त्याचा गुण निघाला. गन उभी धरून एक पिन मारली, आडवी धरून एक. एका तऱ्हेनं भोक सागाच्या रेषांना आडवं पडलं आणि लांबूनही दिसत होतं. दुसऱ्या तऱ्हेनं रेषेतच लपलं, जणू लाकडाचीच एखादी गडद शीर. त्यानंतर सातही दारांना मी गन त्याच दिशेनं धरली. मदतीला असलेल्या भाच्यालाही पेन्सिलीनं बाण काढून दिला, की गनचं हँडल नेहमी या बाजूला.

एक अडचण राहिली. पट्टीच्या टोकापासून एक इंचाच्या आत टी मारली की साग तडकत होता. सुकलेला साग, सहा सूत जाडी, त्यात पंचेचाळीसचा कट, म्हणजे टोक अगदी पातळ. तीन तुकड्यांपैकी दोन तडकले. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा तीच, कोपऱ्याचा सांधा. तिथेच माणसाची नजर जाते.

इथे पी-६२२ कामाला आली. सांध्याच्या दोन्ही तोंडांना फेविकॉल लावला. लाकडाला लाकूड, मध्ये रंग नाही, म्हणजे इथे तो खरा धरणार होता. पट्टी जुळवली आणि कडेनं वरून एक, बाजूनं एक अशा दोन बारीक पिना मारल्या. त्या काही वजन पेलत नाहीत. तुकड्यावर बघितलं तर फेविकॉलशिवाय नुसत्या हातानं सुटतात. पण सांधा सरकू देत नाहीत, लाकूड फाडत नाहीत आणि दिसत नाहीत. फेविकॉल वाळेपर्यंत तेवढंच लागतं. चौकटीतली टीची पहिली पिन मग टोकापासून अडीच इंचांवर.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर एकाच पट्टीत दोन प्रकारे मिळालं होतं. चौकटीवर पिन स्वतः धरते, सांध्यात पिन फेविकॉलसाठी थांबते. म्हणून गनही दोन लागल्या.

दुकानात परत जाऊन टी-५० नवी घेतली, अठ्ठावीसशेला. पी-६२२ च्या ऐवजी पी-६३० घेतली, म्हणजे ३० एमएमपर्यंतची बारीक पिनही चालेल. घेताना दोन गोष्टी हटून बघितल्या. एक, नाकावरची सेफ्टी: नाक लाकडावर दाबल्याशिवाय पिन सुटता कामा नये. माझ्या जुन्या एफ-३० ला ती नाही, घोडा दाबला की हवेतही पिन सुटते. दुसरं, जाम झाल्यावर नाक कसं उघडतं. टीला वर खिट्टी होती, बोटानं उघडते. काही स्वस्त गनना पाना घेऊन दोन स्क्रू काढावे लागतात, आणि स्टुलावर उभं राहून वरची पट्टी एका हातानं धरलेली असताना पाना कुठून आणायचा?

सेफ्टीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. चौथ्या दाराला भाचा पट्टी धरून होता आणि मी जुनी एफ-३० घेऊन आतल्या बाजूची छोटी कड मारत होतो. त्या जागी सागात गाठ होती, बाहेरून दिसत नव्हती. पिन गाठीला लागून वळली आणि पट्टीच्या कडेतून बाहेर येऊन त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली. चार-पाच एमएम. रक्त फार आलं नाही, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पिन काढली, जखम धुतली, डॉक्टरकडे नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आठ दिवसांत बरा झाला. पण ती चूक माझी होती. नाकावर सेफ्टी असती तरीही ही इजा टळली नसती, हे समजून घ्या. पिनेचं टोक छिन्नीसारखं दोन बाजूंनी तासलेलं असतं, त्यामुळे काही कठीण लागलं की ती त्या दोन बाजूंपैकी एकीकडे वळते. किती लांब वळेल? जास्तीत जास्त पिनेच्या लांबीएवढी. म्हणून धरणारा हात पिनेच्या लांबीहून दूर पाहिजे, पन्नासची पिन असेल तर पुरती वीतभर. आता मी पट्टी हातानं धरून देतच नाही. दोन लाकडी टेकू आणि क्लॅम्प. जिथे क्लॅम्प बसत नाही तिथे चिकटपट्टी. भाच्याला चष्मा सक्तीचा केला आहे, मीही घालतो.

प्रेशरबद्दलही एक गोष्ट उशिरा कळली. टीला सात बार लागत होते. तेच प्रेशर ठेवून पी-६३० मारली की बारीक पिन पट्टीत एवढी खोल जायची की पकडच जायची. म्हणून गन बदलली की रेग्युलेटर फिरवायचा: टीला सात, बारीक पिनेला साडेचार. पहिल्या दिवशी विसरलो आणि देव्हाऱ्याशेजारच्या दाराचा एक सांधा पुन्हा करावा लागला. मग रेग्युलेटरवर रंगानं दोन खुणा केल्या, लाल आणि पांढरी. टाकीही छोटी आहे. टीच्या पंधरा-वीस पिना झाल्या की प्रेशर उतरतं आणि पुढची पिन वर राहते. काटा बघून मारायची, घाई करायची नाही. संध्याकाळी टाकीच्या खालचा नळ उघडला की चमचाभर पाणी निघायचं, तेही डिसेंबरात. पावसाळ्यात वाटीभर निघतं. ते पाणी गनमध्ये गेलं की आतले रबरी रिंग खराब होतात. सकाळी गनच्या कपलरच्या, म्हणजे पाइप जोडायच्या, तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब, बस.

दुपारी एक ते चार कॉम्प्रेसर बंद. खालच्या मजल्यावर नव्वदीच्या आजी होत्या. आवाज कमी करणारा म्हटला तरी तो जुन्या लाकडी तक्तपोशीतून खाली जातो. त्या वेळात मी सांधे कापायचो.

भिंतीकडच्या बाजूचं काय केलं हेही सांगतो, कारण इथे गन हरली. एसटी-६४ भाड्यानं आणून दोन पिना मारून बघितल्या. एक विटेत गेली पण सैल बसली. दुसरीनं तळहाताएवढं प्लास्टर खाली पाडलं. काँक्रीटच्या बीममध्ये ती गन जोरदार चालते, जुन्या विटा आणि भुसभुशीत गिलावा हे तिचं घर नाही. तिथे मी जुनीच पद्धत घेतली. दर दोन फुटांवर सहा एमएमचं ड्रिल, भोकात स्क्रू धरणारी गिट्टी, मग स्क्रू. स्क्रूची मुंडी पट्टीत तीन सूत खाली, आणि वर भोक बुजवायला सागाचीच गुल्ली, रेषेला रेष जुळवून. एका उभ्या पट्टीला तीन-चार गुल्ल्या. गुल्ल्या कापायला आणि घासायला मिळून दीड दिवस गेला. हे अण्णांनी करून दिलं. ते पहिल्या मजल्यापर्यंत चढले, मग थोडं बसले, मग वर आले.

पॉलिशवाला आला तेव्हा भोकांचा शेवटचा प्रश्न सुटला. आधी मी लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरत असे. तो वाळल्यावर टणक होतो, पण पॉलिश पीत नाही, आणि भोकाभोवती गडद कडी उरते. पॉलिशवाल्यानं आधी सीलरचा एक हात मारला. मग खडूची पावडर, पिवडी आणि चिमूटभर गेरू घालून लांबी कालवली, पट्टीवर बोटानं रंग ताडून बघितला, पुन्हा थोडा गेरू घातला, आणि एकेका भोकात पातीच्या टोकानं दाबून भरली. जिऱ्याएवढी भोकं रेषेत असल्यामुळे लांबीही रेषेत बसली. तो म्हणाला, पिना गॅल्व्हनाइज्ड घेतल्यास ते बरं केलंस. साध्या लोखंडी पिनेवर पाण्याचं काही लागलं की सागात काळा डाग उतरतो, आणि तो कितीही घासला तरी जात नाही. हे मला माहीत होतं, पण गॅल्व्हनाइज्डची पेटी मी माहीत होतं म्हणून नाही तर दुकानात तीच होती म्हणून घेतली होती. यापुढे मागून घेईन.

दहा दिवसांचे तेरा झाले. टीच्या पिना २४५ फुटांना साधारण फुटाला एक, शिवाय टोकांच्या जास्तीच्या, असे तीनशेच्या आत काम झालं. पहिल्या दिवशी सहा इंचांवर मारत होतो त्याच्या निम्म्याच.

काम संपल्यावर महिन्याभरानं काकूंचा फोन आला. देव्हाऱ्याच्या दारांना काच धरणारी लाकडी पट्टी लावायची होती, दोन सूत जाड, अर्धा इंच रुंद. त्या म्हणाल्या, "ती बारीक गन घेऊन ये." मी पी-६३० नेली, प्रेशर चारवर ठेवलं, १५ एमएमची पिन. पट्टी इतकी नाजूक होती की एफनं नक्की तडकली असती. काच जवळ, म्हणून गन काचेपासून बाहेर कलती धरली आणि नाकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. चारही बाजू अर्ध्या तासात झाल्या. जुन्या चौकटींकडे मुद्दाम जाऊन प्रत्येक पट्टी हातानं ओढून बघितली, स्वयंपाकघराचीही. कोपऱ्याच्या २८ सांध्यांपैकी एकाला, बाहेरच्या दाराच्या वर, केसाएवढी फट आली होती. ते दार पश्चिमेला आहे, दुपारभर ऊन खातं. ती लांबीनं भरून आलो, आणि पावसाळ्यानंतर ती मिटते की रुंदावते ते बघायला जाणार आहे.